अडतीस की एकोणचाळीस

सोलापूरच्या नवी पेठेतल्या चनमल्लप्पा शेठच्या चपलांच्या दुकानात जोतिराम गेली अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पायाशी बसतो. बुटक्या स्टुलावर बसायचं, समोरच्या उतरत्या फळीवर गिऱ्हाइकाचा पाय घ्यायचा आणि नंबर सांगायचा. मोजपट्टी शेजारीच असते, पण ती तो नंतर लावतो, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. त्याला पाय बघूनच नंबर कळतो. शंभरातल्या पंचाण्णव वेळा तो बरोबर येतो आणि उरलेल्या पाच वेळा, जोतिरामच्या मते, कंपनीने बूट चुकीचा बनवलेला असतो.

बुटांच्या नंबरांइतका सावळा गोंधळ दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. आपल्याकडे चालतो तो इंग्रजांचा नंबर. साहेब गेला, नंबर ठेवून गेला. त्यातही पोरांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि तेरा झाले की मोठ्यांचे पुन्हा एकापासून सुरू होतात. असं का, हे जोतिरामला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही. अमेरिकेचा नंबर आपल्यापेक्षा पुरुषांना एकाने जास्त, बायकांना दोनाने जास्त. युरोपचा छत्तीस, सदतीस असा भारदस्त आकड्यात. जपानी लोक त्यातल्या त्यात सरळ, ते पायाचे सेंटिमीटर सांगून मोकळे होतात. हे सगळं जोतिरामने पुस्तकात वाचलेलं नाही. खोक्यांवर छापलेले आकडे बघून बघून त्याने आपला एक पाढा बसवलाय: बायकांना तेहतीस मिळवा, बाप्यांना चौतीस. बाईचा आपला पाच नंबर असेल तर युरोपचा अडतीस, सहा असेल तर एकोणचाळीस. पाढा कुठे कुठे एखाद्या आकड्याने घसरतो, पण कुठे घसरतो तेही त्याला पाठ आहे.

या पाढ्यामुळे पेठेत त्याला मान होता. एकदा साखर पेठेतल्या एक पद्मशाली आजी नातवाच्या लग्नासाठी मोजडी घ्यायला आल्या. नातू अमेरिकेत, त्याने फोनवर नऊ नंबर सांगितलेला. जोतिरामने विचारलं, "नऊ तिकडचा की इकडचा?" आजी सोबत आलेल्या मुलाशी तेलुगूत बोलल्या, मुलाने तिथूनच अमेरिकेला फोन लावला आणि नवरदेव झोपेतून उठून म्हणाला की बुटाच्या जिभेवर लिहिलंय तेच मी सांगितलं. "मग आपला आठ," असं म्हणून जोतिरामने आठची मोजडी बांधून दिली. लग्नानंतर आजी पेढे घेऊन आल्या. ते पेढे शेठने वाटले आणि किस्सा जोतिरामने वाटला, तो अजून वाटतोच आहे.

एवढं सगळं पाठ असूनही आकड्यांवर मात्र त्याचा विश्वास नव्हता. नंबर बुटाला असतो, पायाला नसतो, असं तो म्हणायचा. तो मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तिकडची माणसं सोलापूरला आली की खिशातून कडब्याची नाहीतर खराट्याची काडी काढतात. घरातल्या बाईच्या पायाएवढी मोडलेली. ही काडी द्यायची आणि एवढी चप्पल द्या म्हणायचं. शहरातले दुकानदार हसतात. जोतिराम हसायचा नाही, फक्त विचारायचा, "बसून मोडली का उभ्यानं?" कारण माणूस उभा राहिला की पाय पसरतो, आणि हे काडीला माहीत नसतं. बसून मोडलेली असली तर तो न बोलता वरचा नंबर काढायचा.

आणि काडी असो, मोजपट्टी असो की खोक्यावरचा आकडा, शेवटचा निकाल पायाचा. गिऱ्हाइकाला बूट चढवायचा, उभं करायचं, बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचा आणि विचारायचं, "लागतंय का?" नाही म्हणाला तर तो त्याचा नंबर, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

ही विचारायची पद्धत तो दुकानात शिकलेला नव्हता, बहिणीकडून शिकलेला होता. केराबाई त्याची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा जोतिराम चार वर्षांचा होता आणि बाप मायाप्पा सदा मेंढरांमागे. त्यामुळे आईचं म्हणून त्याला जे काही आठवतं ते सगळं आक्काचंच असतं. पायात बाभळीचा काटा मोडला की ती त्याला बांधावर बसवायची, तळवा मांडीवर घ्यायची आणि अंगठ्याने दाबत दाबत विचारायची, "हितं लागतंय? हितं?" जिथे तो ओरडेल तिथे काटा. मग दुसऱ्या काट्याने तो काढायचा. तिचा अंदाज कधी चुकला नाही, कारण ती अंदाज करतच नव्हती, विचारत होती.

दोन वर्षांपूर्वी शेठचा मुलगा कुमार दुकान बघायला लागला. पोरगा शहाणा, पण शिकलेला. त्याने आल्या आल्या भिंतीवर एक मोठा रंगीत तक्ता लावला: इंग्रजी, अमेरिकन, युरोपियन, सेंटिमीटर, चार रांगांत सगळे नंबर. जोतिरामने तो तक्ता पहिल्या दिवशी वरपासून खालपर्यंत तपासला, एकही चूक सापडली नाही, आणि त्या दिवसापासून तो त्याला आवडेनासा झाला.

केराबाईला शुगर निघून तीन वर्षं झाली होती. गोळ्या कधी घ्यायची, कधी विसरायची. यंदा दिवाळीनंतर तिच्या उजव्या तळव्याला फोड आला आणि दीड महिना हटेना. तिचा मुलगा बिरुदेव तिला सोलापूरला घेऊन आला. डॉक्टर राजनंदिनी म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी जखम भरून आणली आणि बजावलं की आता उघडी चप्पल बंद, अनवाणी तर एक पाऊलही नको. रुंद, मऊ, आतून शिवण नसलेला बंद बूट घ्या. पुन्हा जखम झाली तर पाय वाचवणं अवघड जाईल.

बिरुदेवने मामाच्या हातात कागद दिला. "मामा, बूट रुंद पायजे म्हनल्यात. बाकी तुमी बगा." कागदावर इंग्रजीत सात-आठ ओळी होत्या. जोतिरामने त्यातल्या कामाच्या वाचल्या: लांबी, रुंदी, अंगठ्यापुढे एक बोट मोकळी जागा. उरलेलं औषधांचं असेल म्हणून सोडून दिलं. तो काही डॉक्टर नव्हता, आणि बुटातलं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

केराबाईच्या पायाला बसेल असा बूट दुकानात काय, अख्ख्या पेठेत नव्हता. टाचेला भेगा, बोटं फाकलेली, आणि पाय पुढून इतका रुंद की बायकांची चप्पल त्याला आत घेतच नसे. जन्मभर ती पुरुषांच्या टायरच्या चपला वापरत आली होती, आणि अर्धा जन्म त्याही नाही. शेवटी जोतिरामची मुलगी सृष्टी कामी आली. ती पुण्यात नोकरीला आहे. तिने असले बूट बनवणारी एक परदेशी कंपनी शोधली आणि फोन केला.

"पप्पा, आत्याचा पाय किती आहे?"

जोतिरामने आक्काला कागदावर उभं करून दोन्ही पाय आखून घेतले होते. डावा चोवीस सेंटिमीटर, उजवा चोवीसच्या वर चार मिलिमीटर.

"यांच्या साइटवर चोवीसला अडतीस दाखवतंय."

"साइटला काय कळतंय? मोठा पाय धरायचा, त्यापुढे डॉक्टरांचं एक बोट. एकोणचाळीस घे. रुंदीला सगळ्यात मोठा."

"मी दोन्ही मागवते. जो नको तो दहा दिवसांत परत करता येतो."

तर असे दोन जोड आले. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, केराबाई बूट घालून बघायला दुकानात आली. बूट पाठवून देता आला असता, पण जोतिरामला ते मान्य नव्हतं. बूट दुकानातच घालून बघायचा, फळीवर पाय ठेवून. चनमल्लप्पा शेठ गादीवरून उठले, त्यांनी कानडीत "बर्री, केराक्का," म्हणत तिला आत बोलावलं आणि चहा सांगितला.

"बाईमाणसानं बूट घालायचा म्हंजी," केराबाई म्हणाली, "मेंढरं बी वळखायची न्हाईत मला."

"मेंढरं आवाजानं वळखत्यात. पाय कर हिकडं."

त्याने आधी एकोणचाळीस चढवला. अंगठ्यापुढे बरोबर एक बोट जागा. बाजूने कुठे ताण नाही. केराबाई दारापर्यंत गेली, परत आली आणि उभीच राहिली.

"कसं वाटतंय?"

"वाटतंय कुटं काय? पायात हाय का न्हाय त्येच कळंना. आत पाय पवतोय नुसता."

मग अडतीस. पुढे अर्धं बोटही जागा नव्हती, करंगळीच्या बाजूला कातडं ताणलेलं दिसत होतं. जोतिरामने अंगठा दाबला.

"लागतंय का?"

"न्हाय."

"हितं?"

"न्हाय लागत. ह्यो बग कसा धरतोय पायाला. ह्यो दे."

त्याने करंगळीजवळ आणखी एकदा दाबलं, जरा जोरातच. ती म्हणाली न्हाय. गल्ल्यावरून कुमार बघत होता. तो म्हणाला, "मामा, तुम्हीच एकोणचाळीस काढला होता ना? तक्त्यातही जागा धरून तोच येतोय."

"कुमारशेठ," जोतिराम म्हणाला, "आक्काला तक्ता घालून चालायचं नाही, बूट घालून चालायचंय. पाय तिचा आहे, ती सांगतेय."

शेठ हसले, कुमारही हसला. केराबाई नव्या बुटासकट उतरली आणि ऐटीत जत्रा बघायला गेली. एकोणचाळीसचा जोड जोतिरामने त्याच खोक्यात नीट बांधला आणि संध्याकाळी कुरियरवाला तो घेऊन गेला.

अकराव्या दिवशी बिरुदेवचा फोन आला. "मामा, आयच्या मोज्याला रगात दिसतंय."

केराबाई पहाटे बूट घालायची तो अंधार पडल्यावर काढायची. गावात सगळे विचारत होते, तीही पाय पुढे करून दाखवत होती, भावानं परदेशातनं आणलाय म्हणून. फोड आला कधी आणि फुटला कधी, तिला पत्ताच नव्हता. बिरुदेवच्या बायकोने, सोनालीने, मोजे धुवायला घेतले तेव्हा वास आला. करंगळी काळी पडली होती.

दवाखान्यात जोतिराम पहिल्यांदाच डॉक्टर राजनंदिनींच्या समोर बसला. वयाने सृष्टीएवढ्याच असतील. त्यांनी बूट हातात घेऊन आतून बोटं फिरवली, मग जखमेकडे पाहिलं.

"हा नंबर कोणी ठरवला?"

"मी," जोतिराम म्हणाला. "मोजून एकोणचाळीस येत होता. पण हा घातल्यावर लागत नाही म्हणाली."

"कोण म्हणालं?"

"आक्का."

डॉक्टरांनी खणातून एक दांडी काढली, तिच्या टोकाला नायलॉनचा राठ दोरा होता, टूथब्रशच्या केसासारखा. "आजी, डोळे मिटा. मी पायाला हा दोरा लावणार आहे. लागला की व्हय म्हणायचं."

"बरं," केराबाई म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

डॉक्टरांनी दोरा अंगठ्याखाली टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. मग मधल्या बोटाखाली. मग तळव्याच्या बाजूला, मध्ये, टाचेला. एका पायाला दहा ठिकाणी लावून झाला, दुसऱ्या पायाला दहा ठिकाणी. जोतिराम दरवेळी आक्काच्या तोंडाकडे बघत होता. तिचं तोंड शांत होतं, शाळेत बाईंनी प्रश्न विचारायची वाट बघणाऱ्या पोरीसारखं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. जरा वेळाने ती डोळे मिटूनच म्हणाली, "करा की सुरू."

"झालं, आजी," डॉक्टर म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून त्यांनी जे सांगितलं ते अगदी साध्या शब्दांत सांगितलं. शुगरमुळे पायाची जाणीव गेलीय. चपलेचा स्पर्शच कळत नाही, म्हणून बेताचा बूट ढिला वाटतो. खूप आवळणारा असला तरच थोडंफार कळतं, म्हणून असे पेशंट नेहमी घट्टच बूट मागतात. हे मागच्या वेळी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं. पेशंटला विचारून बूट देऊ नका, असंही लिहिलं होतं.

कागद त्याच्या खिशातच होता, मापासाठी जपून ठेवलेला. त्याने तो काढून बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती असं म्हटलं तरी चालेल.

करंगळी काढावी लागली. हाडापर्यंत गेलं होतं. पाय राहतो की तोही जातो, हे जखम कशी भरते त्यावर ठरेल, दीड-दोन महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाल्या. केराबाईला पुन्हा गावी पाठवायचा प्रश्नच नव्हता. जोतिरामने तिला आपल्या घरी आणलं, जुळे सोलापुरातल्या त्याच्या दोन खोल्यांत, आणि पुढच्या खोलीतली स्वतःची कॉट तिला दिली. दिवसाआड दवाखाना, रोज पट्टी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टी बदलताना तो तिला म्हणाला, "आक्का, माज्यामुळं तुजं बोट गेलं."

"बोट कसलं, करंगळी ती. मेंढरं काय करंगळीवर राखत्यात व्हय?"

"थट्टा नगं करू. मी तुला मोजून मोठा काढला हुता. मंग तुला इचारलं आन बारका दिला."

मग केराबाईने जे सांगितलं ते तिने घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकदा मेंढरं वळवताना टायरची चप्पल तुटली आणि ती तशीच अनवाणी घरी आली. रात्री पाय धुताना सोनालीला तळव्यात काटा दिसला, बोटाच्या पेरभर आत गेलेला. केराबाईला तो लागलाच नव्हता.

"मला वाटलं, पाय निबर झाला," ती म्हणाली. "आपला आजा सांगायचा न्हवं, पाय निबर झाला की मानूस खरा धनगर. जलमभर काटं सोसलं, आता पायानं सोसायचं सोडलं म्हनलं. बरं वाटलं मला, जोत्या. देवाला नारळ फोडला मी."

जोतिरामने पट्टी गुंडाळायची थांबवली. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. निबर पायाचं कौतुक त्यानेही लहानपणापासून ऐकलं होतं, निखाऱ्यावरून चालत गेलेल्या कुणा चुलत्याची गोष्ट त्याने स्वतः दुकानात सांगितली होती. आक्काने नारळ फोडला त्या दिवशी तो गावात असता तर त्यानेही प्रसाद खाल्ला असता.

"मी खोटं न्हवते बोलले तुज्यासंगं," केराबाई म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

"न्हाय लागत, म्हनून न्हाय म्हनलं."

"म्हाईत हाय, आक्का. मीच इचारायला नगं हुतं."

ते दीड-दोन महिने दुकानात त्याचं मन लागत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचा, टोकावर अंगठा ठेवायचा आणि पुढचं वाक्य तोंडातून निघायचं नाही. गिऱ्हाईक वाट बघायचं. एका कॉलेजच्या पोराने तर विचारलं, "काका, काय झालं?" कुमारने हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवसापासून जोतिराम बूट चढवू लागला की कुमार गल्ल्यावरून उठून यायचा आणि गिऱ्हाइकाला सहज विचारायचा, "कुठे टोचत वगैरे नाही ना?" आणि परत जाऊन बसायचा. तक्त्याबद्दल तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर जोतिरामला ऐकून घ्यावंच लागलं असतं. त्या दिवसांत कुमार त्याला पहिल्यांदा मनापासून आवडला.

एक नवी सवय मात्र त्याने लावून घेतली. पाय फळीवर आला की आधी वय बघायचं, शुगर आहे का विचारायचं. असेल तर मोजा काढायला लावायचा आणि तळवा उलटा करून बघायचा. काही बायका संकोचायच्या, एका गृहस्थांनी तर सुनावलं की मी बूट घ्यायला आलोय, तपासून घ्यायला नाही. जोतिराम म्हणाला, "बरोबर आहे साहेब," आणि तरी बघितलंच. चनमल्लप्पा शेठना हे फारसं पसंत नव्हतं, गिऱ्हाईक तुटतं म्हणायचे. पण अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला काय बोलायचं, म्हणून ते पेपर वर धरायचे.

जखम आधी ओलीच राहिली. फेब्रुवारीत एकदा ताप आला आणि डॉक्टर राजनंदिनी घोट्याकडे बोट दाखवून बिरुदेवशी हळू आवाजात बोलल्या. जोतिरामने ते लांबून पाहिलं आणि कडेला जाऊन बाकावर बसला. आक्का पुन्हा मेंढरांमागे जाणार नाही, असं त्याने त्या बाकावर बसून मनाशी धरलं. पण ताप उतरला. मग कडेने गुलाबी कातडं धरायला लागलं, अगदी केसभर, रोज केसभर. मार्च संपता संपता डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि म्हणाल्या, "पाय राहिला, आजी. आता याला जपायचं."

सृष्टीने तोच बूट पुन्हा मागवला. या वेळी एकच जोड.

ऊन तापायच्या आत, सकाळी सकाळी, बिरुदेव आईला दुकानात घेऊन आला. जोतिरामने बुटात हात घालून आतून सगळीकडे बोटं फिरवली, खडा, शिवण, काही आहे का बघितलं. मोजा चढवला, त्याची घडी राहिली नाही ना ते पाहिलं. चारच बोटांमुळे मोजा एका बाजूला रिकामा राहत होता, तिथे डॉक्टरांनी दिलेला कापसाचा बोळा ठेवला. मग एकोणचाळीस चढवला आणि पट्टे लावले.

"ढिला हाय रं," केराबाई म्हणाली.

"असू दे."

"आत पवतोय."

"पवू दे. चाल."

अठ्ठावीस वर्षांत नंबराबाबत गिऱ्हाइकाचं न ऐकायची ही पहिलीच वेळ. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. पावलं कुठे पडतायत ते कळत नसल्यामुळे खाली बघत बघत चालत होती. घड्याळ बघून दहा मिनिटं त्याने तिला चालवलं. कुमार गल्ला सोडून दाराशी उभा राहिला, पायरीवर तिचा तोल जाऊ नये म्हणून. बिरुदेव उगाचच खोकी लावत होता.

मग ती बसली आणि जोतिरामने बूट काढले, मोजे काढले. आधी डावा पाय हातात घेतला. टाच, तळवा, प्रत्येक बोटाची बाजू, बोटांमधल्या फटी. जिथे रंग जरा वेगळा वाटला तिथे अंगठ्याने दाबून धरलं आणि सोडून बघितलं, लाली राहते का. नाही राहिली. मग उजवा. करंगळी होती त्या जागी नवं कातडं चकाकत होतं, अजून कोवळं. तिथे तो बराच वेळ थांबला. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं, मान वाकडी करून खालून बघितलं.

केराबाई वरून त्याच्या टकलाकडे बघत होती. कधी नव्हे ती तिला भीती वाटत असावी, कारण तिने फळीची कड घट्ट धरली होती.

"जोत्या," ती म्हणाली, "मला काय कळत न्हाय. तूच सांग, लागतंय का मला?"

त्याने पुन्हा एकदा सगळा पाय फिरवून पाहिला.

"न्हाय, आक्का. न्हाय लागत."

"मंग घाल," ती म्हणाली आणि तिने पाय पुढे केला.